दिलेली माणसं

"आणि एकदाच सगळं एका पारड्यात टाकलं तर?"

धुरपानं विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. तिला बस म्हटलं नव्हतं असं नाही. ती बसली नव्हती.

तोलबुवा ओढ्यात पाय सोडून गोटे धूत होते. एक गोटा धुवायचा, उन्हात धरून बघायचा, टोपलीत टाकायचा. मग दुसरा.

"बुवा, मी काहीतरी विचारतेय."

"ऐकलं."

"मग?"

"धुऊन होऊ दे."

हे असं. धारमाथ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला काही विचारा, उत्तराआधी त्याची चार कामं व्हावी लागतात. कुणाचं पान जमायचं असतं, कुणाचा घसा मोकळा व्हायचा असतो. इकडे खाली पाणवठ्यावर चारशे पोरंपोरी अंघोळी करून, नवे दोर खांद्याला अडकवून उभी होती, आणि ऊन कललं की त्यांच्या नावानं पाणी सोडलं जाणार होतं.

धुरपा त्या चारशेंची नाईक. वय चोवीस. युद्धशाळेत तीन वर्षं काढून चौथ्या वर्षी तिनं पाटी भिरकावली, कारण तिथले गुरुजी शंभर वर्षांपूर्वी जिंकलेल्या लढाया घोकून घेत आणि परवा हरलेल्या लढाईबद्दल कुणी विचारलं की कान पिळत. पुढे वाघदरीची खिंड तिनं साठ माणसांनिशी अकरा दिवस धरली. तेव्हापासून तेच गुरुजी 'आमची विद्यार्थिनी' म्हणून चारचौघांत छाती काढू लागले. ती गर्विष्ठ होती. आपल्याला तेवढा हक्क आहे असं तिला वाटे, आणि तो होताही.

जग तेव्हा पेटलेलं होतं. पूर्वेला पठारावर तांबोरचं राज्य, पश्चिमेला समुद्रावर खारेणचं, आणि बाकीची अकरा राज्यं ह्याच्या नाहीतर त्याच्या पाठीशी उभी. तांबोरकडे आगपाखरं होती, खळ्याएवढ्या पंखांची, चोचीतून निखारे ओकणारी. खारेणकडे वादळमासे होते. एक मासा दहा गलबतं ओढायचा, आणि त्यानं शेपूट आपटली की अख्खं बंदर वाहून जायचं. दोघांच्या मध्ये, घाटाच्या धारेवर, धारमाथा. त्यांच्याकडे पाखरू नाही, मासा नाही. कड्यावरून दोर सोडून आग्या मोहोळं उतरवणारी माणसं, एवढाच काय तो त्यांचा दबदबा.

तरी चाळीस वर्षं धारमाथा टिकला होता तो एका युक्तीवर. दरवर्षी बघायचं, कोण हलकं पडलंय. जो हलका त्याला माणसं द्यायची. तांबोर चढलं की खारेणला द्यायची, खारेण चढलं की तांबोरला. कुणीच जिंकायचं नाही आणि कुणीच हरायचं नाही, म्हणजे घाट चढून आपल्या दारात यायला कुणालाच सवड होत नाही.

युक्ती तोलबुवांची. त्यांचं खरं नाव लोक कधीच विसरून गेले होते. ओढ्याकाठच्या उंबराला त्यांनी एक मोठी तागडी टांगली होती. एका पारड्यात तांबोर, दुसऱ्यात खारेण. शंभर माणसांना एक गोटा, एका पाखराला पाच, एका माशाला सात. वर्षातून एकदा गावोगावचे नऊ थोरले ओढ्यावर येत आणि विचारत, कुठलं पारडं हलकं, आणि कितीनं? बुवा सांगत. थोरले मान डोलवून घरी जात. थोरल्यांना जगाची भारी समज. समज होती म्हणूनच ते घरी जात, आणि ज्यांना अजून यायची होती ती पोरं दोर घेऊन निघत.

यंदाचं वजन चार दिवसांपूर्वी झालं होतं. खारेण हलकं. चारशेंनी.

पाणी सोडायची रीत ह्याच युक्तीच्या पोटची. पहिल्या वर्षी माणसं निघाली तेव्हा बाया तीन कोस मागे धावल्या, पोरांच्या दोरांना लोंबकळल्या, आणि निम्मी पोरं वाटेतूनच परत फिरली. दुसऱ्या वर्षी थोरल्यांनी तोड काढली. जाणाऱ्याला आधीच मेला म्हणायचं. पाणवठ्यावर नेऊन दक्षिणेला तोंड करून बसवायचं, घरच्या कुणीतरी ओंजळीतून तीळपाणी सोडायचं, कपाळाला ओले तीळ लावायचे, नाव घ्यायचं आणि पाठ फिरवायची. मग तो 'दिलेला'. त्याचं नाव घरात काढायचं नाही. तो जगला की मेला, विचारायचं नाही. रडायचं ते आधीच, एकदाच, उरकून घ्यायचं. सगळ्यांच्या सोयीचं पडलं. थोरल्यांनीही आपापल्या घरचं एकेक दिलं, नाही असं नाही. त्याबद्दल त्यांना दंडात चांदीचं कडं घालायचा मान मिळाला, आणि नऊच्या नऊ दंडांवर ती कडी चकचकत होती.

धुरपानं पंधराव्या वर्षी थोरल्या भावाचं पाणी सोडलं होतं. बाप नव्हता, आईचा हात उचलेना, म्हणून तिनं सोडलं. त्यानंतर नऊ वर्षं त्याचं नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

बुवांनी शेवटचा गोटा टोपलीत टाकला.

"बोल आता. सगळं म्हणजे किती?"

ती उभ्यानंच बोलली. धारमाथ्यावर दोर धरतील अशी नऊ हजार माणसं आहेत. दरवर्षी हे चारशे, पाचशे कशाला कुरतडत बसायचं? नऊच्या नऊ हजार खारेणला द्या. तांबोर एका हंगामात मोडेल. लढाई संपेल. सभेत तिनं हे मांडायचा प्रयत्न केला, तर गोमाजी थोरल्यांनी तिला पहिल्या वाक्यालाच तोडलं होतं. पोरीनं आपला दोर बघावा, तागडी बघायला आम्ही आहोत, असं म्हणाले आणि सभा हसली. पण तेच बुवांच्या तोंडून आलं तर नऊही माना डोलतील. तिला बुवांकडून सल्ला नको होता. तोंड हवं होतं.

"एवढी घाई कशाची?"

तेव्हा तिनं मिठागराच्या खाडीवरची लढाई सांगितली. गेल्या उन्हाळ्यात थोरल्यांनी तिला कड्यावर नुसतं बघायला बसवलं होतं. उतरायचं नाही, असा हुकूम. वरून पाखरं निखारे टाकत होती, खाली गलबतांच्या डोलकाठ्या पेटत होत्या, आणि डोलकाठ्यांवरची माणसं दोरावरून सरसरत खाली येत होती. उजव्या पायाला दोराचा एक वेढा, वर डावी टाच दाबलेली. जगात असं उतरणारं दुसरं कुणी नाही. आणि पाखरांच्या पाठीवर जे बसले होते, त्यांच्याही उजव्या पायाला तसाच वेढा होता.

"आपलेच आपल्यांना भाजत होते, बुवा. म्हणून म्हणते, एका बाजूला टाका. निदान आपले सगळे एकीकडे तरी होतील."

बुवांनी टोपली तिच्याकडे सरकवली.

"तागडी आहे. टाक."

तिनं नव्वद गोटे मोजून खारेणच्या पारड्यात ओतले. पारडं दाणकन खाली आलं. तांबोरचं वर गेलं, फांदीला आपटून डुलत राहिलं.

"जिंकलं," धुरपा म्हणाली.

"कोण?"

खारेणचं पारडं तिच्याच पायाच्या बोटांवर टेकलं होतं. तिनं पाय ओढून घेतला.

खारेण एवढा उपकार विसरणार नाही, असं तिनं म्हणून बघितलं.

"युद्धशाळेच्या उपकाराची जाण तू ठेवलीस ना," बुवा म्हणाले, "तेवढीच तेही ठेवतील."

नव्वद गोटे परत काढताना तिचे कान तापले होते. मग तिनं त्यातले चार मोजून खारेणच्या पारड्यात टाकले. आता दांडी सरळ झाली. थोरल्यांचंच बरोबर निघालं होतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"झालं. जाते मी. यंदा चारशे खारेणला, पुढच्या साली पाचशे तांबोरला. चालू द्या तुमचं."

"चार काढ."

"काय?"

"ते चार काढ. आणि न टाकता सारखं कर."

तिनं चार काढले आणि ती हट्टाला पेटली. तिनं एकामागून एक डाव मांडले. तांबोरची धान्याची कोठारं जाळायची. बुवांनी विचारलं, जाळायला किती जातील? दोनशे. मग तू दोन गोटे टाकलेस, बुवा म्हणाले. तांबोरच्या मागे उभ्या असलेल्या एखाद्या राज्याला फोडायचं. त्याला किती दिवस? एक वर्ष. पाणी दुपारी सुटतंय, बुवा म्हणाले. घाटातल्या दरडी पाडून तांबोरची वाट बंद करायची. पाखरांना वाट लागते का?

तिनं शेवटी हातातला गोटा ओढ्यात फेकून दिला.

"न टाकता होत नाही. तागडीला टाकल्याशिवाय काय कळतं?"

बुवा गुडघ्यावर हात रेटून उठले. तागडीपाशी आले. तांबोरच्या जड पारड्यात हात घातला, चाचपडले, आणि एक गोटा बाहेर काढला. दुसरा काढला. तिसरा. चौथा.

दांडी सरळ झाली.

धुरपा बघत राहिली. एवढंच. कुणीही केलं असतं. मग कुणीच का केलं नव्हतं?

बुवांनी हात पुढे केला. तळव्यावरचे चारही गोटे हिरवट होते. नदीचे गोटे काळे असतात. असे हिरवे फक्त ह्या ओढ्यात, ह्याच कड्याखाली सापडतात.

तिनं वाकून पारड्यात पाहिलं. काळ्यांच्या मधून मधून हिरवे. दुसऱ्या पारड्यात पाहिलं. तिथंही हिरवे, जवळजवळ तेवढेच. सकाळपासून ती ह्या तागडीशी झटत होती आणि तिला नुसतं वजन दिसत होतं.

"हे कोण?"

"तू सांग."

"दिलेले."

बुवांनी चारही गोटे तिच्या हातात ठेवले.

"पण ते मेलेत."

"पाखरांना चारा कोण घालतं?"

तिला ते ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. आगपाखरं कड्याच्या कपारीतच घरटं करतात, आणि तांबोरची माणसं सपाटीची, माडीवर चढली तरी भिंत धरून चालणारी. कपारीत उतरावं, चारा घालावा, पिल्लू असतानाच गळ्यात दोर अडकवावा आणि मोठं झालं की पाठीवर बसावं, हे धारमाथ्याच्याच माणसाचं काम. तिकडे खारेणलाही तेच. मासा गलबत ओढेल, पण वादळात डोलकाठीवर चढून शीड आवळणारा हात कड्यावर वाढलेला लागतो.

बुवांनी सांगितलं, मध विकायला जाणारे दोन्हीकडच्या बाजारांतून खबर आणतात. आज जिवंत, तांबोरकडे एकतीसशे. खारेणकडे सत्तावीसशे.

धुरपा पहिल्यांदा खाली बसली.

"म्हणजे त्यांना परत..."

वाक्य पुढे जाईना. धारमाथ्यावर ते वाक्य कुणी कधी पुरं केलंच नव्हतं. नऊ थोरले चाळीस वर्षं ह्या तागडीपुढे उभे राहून डोकं खाजवत होते की कुठे टाकायचं, आणि काढायला एकाचाही हात गेला नव्हता. ते लबाड होते म्हणून नव्हे. भित्रे होते, पण त्यामुळेही नव्हे. त्यांनी पाणी सोडलं होतं, आणि स्वतःच सोडलेल्या पाण्यावर त्यांचा पुरता विश्वास बसला होता. मेलेल्यांना बोलवायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार?

गेल्या साली एक आला होता. शिरपा त्याचं नाव. एक पाय गुडघ्यापासून गेलेला, काठी टेकत घाट चढून खिंडीच्या दाराशी आला. थोरल्यांचा नियम साफ आहे. दिलेला परत आला तर तो माणूस नव्हे, त्याला आत घ्यायचं नाही, जोर केला तर बाण. दारावर त्याचा बापच उभा होता, हेच गोमाजी थोरले. आमच्याकडे ह्या नावाचं कुणी नाही, म्हणाले. शिरपा तीन दिवस दाराबाहेर बसून होता. चौथ्या दिवशी नव्हता. गोमाजींच्या खंबीरपणाचं तेव्हा गावभर कौतुक झालं.

धुरपाही त्या कौतुकात होती. तिला ते आत्ता आठवलं.

"जिवा..." ती म्हणाली. नऊ वर्षांनी ते नाव तिच्याच कानाला परकं वाटलं. "माझा भाऊ. ह्यातला कुठला?"

"मला माहीत नाही. नावं कुणी सांगत नाही. घ्यायची नसतात ना."

मग ती उठली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द दातांतून सोडला.

"चाळीस वर्षं तुम्हाला हे हिरवे दिसत होते."

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"थोरले विचारायचे, कुठलं हलकं. तेवढं सांगितलं."

"हे उत्तर झालं?"

"नाही."

ओढा वाहत होता. खालून पाणवठ्यावरच्या ढोलाचा पहिला ठोका ऐकू आला. माणसं जमायला लागली होती.

"पाणी सोडलेल्या पहिल्या खेपेला माझा मुलगा होता," बुवा म्हणाले. "खारेणला दिला. मेला म्हटलं की झोप लागते."

"आणि जिवंत म्हटलं की?"

"तागडी लावता येत नाही."

कीव यावी असं म्हाताऱ्याचं तोंड झालं होतं. तिला ती आली नाही, आणि आणायचा तिनं प्रयत्नही केला नाही. तिनं तोंडावर सांगितलं की तुम्हाला झोप लागावी म्हणून गावोगावची पोरं अंथरली गेली. ते नऊजण मूर्ख आहेत, त्यांना रंग दिसत नाही. तुम्हाला दिसत होता. त्यामुळे त्यांच्यापेक्षा तुमचं पाप मोठं आहे, आणि तुम्ही ओढ्यात बसून कितीही गोटे धुतलेत तरी ते धुतलं जायचं नाही.

बुवांनी मान खाली घातली नाही. वरही केली नाही. सगळं ऐकून घेतलं.

"संपलं?"

"नाही. पण वेळ नाही."

ती तागडीकडे वळली. सारख्या झालेल्या पारड्यांतून तिनं एक हिरवा गोटा इकडचा उचलला, एक तिकडचा. दांडी जराशी हलली, स्थिर झाली. पुन्हा एक इकडचा, एक तिकडचा. तिचा हात भराभर चालू लागला. पारडी हलकी होत होती, दांडी सरळच होती. शेवटची जोडी काढली तेव्हा वर उंबराची फांदी करकरली. चाळीस वर्षं वजनानं वाकलेली फांदी हातभर वर गेली, आणि तिच्याबरोबर तांबोर आणि खारेण दोन्ही धुरपाच्या छातीपर्यंत वर आली. सारख्याला सारखी.

"पाखरं कपारीतच बसतील," ती म्हणाली. स्वतःशीच बोलल्यासारखं. "मासे ओढतील, पण शिडं कोण आवळणार? दोघं समोरासमोर नुसते उभे राहतील. आणि इकडे घाटात अठ्ठावन्नशे माणसं असतील, दोन्ही छावण्यांची आतली वाट न् वाट माहीत असलेली. मग म्हणावं चढा घाट."

"एकाच बाजूची आधी निघाली तर?"

"तर दुसरी बाजू जिंकेल. म्हणून दोन्हीकडून एकाच दिवशी. येत्या पुनवेला."

"त्यांना सांगणार कोण? जिवंत माणसाला छावणीत घेत नाहीत."

हे खरं होतं. तांबोरच्या नि खारेणच्या चौक्यांवर कपाळाला तीळ लागलेला धारमाथेकर तेवढा आत सोडत. बाकीचा हेर म्हणून टांगत.

तिनं खाली पाणवठ्याकडे पाहिलं. चारशे डोकी. त्यातल्या प्रत्येकाला तिनं दोरावर चढवलं होतं. सकाळी ती इथं आली ती हे दरसालचं पाणी कायमचं थांबवायला.

"सोडू दे पाणी," ती म्हणाली. "माझंही. थोरल्यांना वाटेल, चारशे खारेणला चालले. खिंडीखाली वाट फुटते तिथं आम्ही फुटू. दोनशे तांबोरला. त्यांना मी घेऊन जाते."

"आणि खारेणला?"

इथं ती अडली. तिच्या हाताखाली चांगली पोरं होती, पण प्रश्न पोरांच्या चांगुलपणाचा नव्हता. वीस वीस, तीस तीस वर्षं मेलेली माणसं. त्यांच्यापुढे कालचं पोर जाऊन म्हणणार, चला, तुम्ही जिवंत आहात. कोण ऐकेल? हसतील. नाहीतर फसवायला आलाय म्हणून समुद्रात ढकलतील.

बुवांनी ओढ्यात हात धुतले. उंबराखालच्या डब्यातून मूठभर तीळ काढले, तिच्या ओंजळीत घातले, आणि दक्षिणेला तोंड करून खडकावर बसले.

"माझं सोड."

धुरपानं त्यांच्या पायांकडे पाहिलं. नळीवर कातडं उरलेले पाय. घाट उतरवेल का, विचारलं.

"जाताना उतारच आहे. चढाचं येताना बघू."

"मुलगा भेटेल म्हणून निघालात?"

"तो मला ओळख देणार नाही. द्यायची नसते, हे मीच शिकवलंय." मग जरा थांबून म्हणाले, "पण मला तिथं सगळे ओळखतात. कुणाच्या शब्दावर आपण मेलो, हे माणूस विसरत नाही. ते मला मारायला जवळ येतील तेव्हा सांगेन."

"नाव?" तिनं विचारलं. नावाशिवाय पाणी सुटत नाही.

बुवांना ते आठवावं लागलं.

"रायाजी."

तिनं नाव घेतलं. तिळांसकट पाणी सोडलं. ओल्या हातानं त्यांच्या कपाळाला तीळ लावले. रीतीप्रमाणे आता पाठ फिरवायची होती. तिनं ती फिरवली नाही. हात देऊन त्यांना उठवलं.

दोघं पायवाटेनं उतरायला लागली. बुवा पुढे, ती मागे. पाणवठा जवळ आला. चारशे पोरं दक्षिणेला तोंड करून बसली होती, त्यांच्या मागे आयाबाया ओंजळी धरून उभ्या होत्या, आणि पिंपळाच्या सावलीत नऊ थोरले जाजमावर बसले होते. बुवांच्या कपाळावरचे तीळ दुरून दिसताच गोमाजी थोरले अर्धे उठले आणि तसेच राहिले.

धुरपा थांबली. डाव तिनं चार वेळा मनात चालवून पाहिला होता. तांबोरपर्यंत नीट जात होता. पुनवेपर्यंत नीट जात होता. दोन्हीकडची माणसं घाट चढेपर्यंतसुद्धा. तिथं, घरच्याच दारात, तो अडत होता.

"बुवा, परत येऊ तेव्हा हे नऊजण खिंडीत बाण लावून उभे असतील."

"असतील."

"समोर सहा हजार मेलेली माणसं. दार उघडतील असं वाटतं तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

बुवांनी खांद्यावरचं धोतराचं टोक कमरेला खोचलं आणि थोरल्यांच्या रोखानं चालू लागले.

"आपल्याच घरच्या मेलेल्याला पुन्हा मारायला आधी कोण पुढे होतो, ते त्यांचं त्यांना ठरवू दे."